डावीकडचे चार टाके

१२ मार्च, गुरुवार
गाडीतल्या मॅट उचलल्या. उचलल्या कसल्या, तुकडे हातात आले. खाली पत्राच नाही. मागच्या सीटसमोर हात घातला तर थेट अंगणातली फरशी लागली.
दि. ने वडिलांची गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवली तेव्हा निरोप असा, की नानांची आठवण आहे, अक्काकडे राहू दे. खळ्यात जागा अडते म्हणाला असता तर निदान खरं तरी बोलला असता. धाकटा भाऊ, पण सगळी हुशारी थोरल्याच्या वरताण. सुंठीवाचून खोकला गेला आणि गावात दिलदार म्हणून मिरवायला मोकळा.
गल्लीत भंगारवाला आला होता. न बोलावता वाकून बघितलं. "बाई, बठ्ठं सडी गयं. दी टाका." म्हटलं तू पुढे हो बाबा.
विकणार नाही. रोज गेट-ग्रिलचं वेल्डिंग करते मी, हा तळही मीच घालीन. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, ह्याच गाडीतून असोद्याला जाणार. दि. च्या दारात उभी करणार, सगळे भाऊबंद ओट्यावर बसलेले असताना. मग विचारणार.

१४ मार्च
हे म्हणाले, एस.टी. ने जाऊनही भांडता येतं. ह्यांचं बरोबर आहे, पण ह्यांना माहेर म्हणजे काय ते कसं कळणार.
नाना होते तोवर दर आखाजीला मला न्यायला स्वतः यायचे. लेकीला न्यायला मुराळी म्हणून भाऊ येतो, आमच्याकडे बाप यायचा. हीच गाडी, पुढे डावीकडे मी, मागे कैऱ्यांची पोती. धुळ्यापासून असोद्यापर्यंत शेजारच्या बायकांच्या पोटात दुखायचं. नाना गेल्यापासून दि. एकदाही आला नाही. दोन आखाज्या मी इथे पुरणाचे मांडे भाजले आणि फोन उलटा ठेवून बसले.
ह्या वर्षी मुराळ्याची गाडीच जाईल. मुराळ्याशिवाय. बघू दे गावाला.

१५ मार्च, रविवार
एकदा लिहूनच टाकते, म्हणजे आखाजीपर्यंत राग निवायला नको.
नाना गेले त्या दिवशी मी पारोळ्यातून फोन केला होता. स्टँडच्या बाहेर, रसवंतीच्या शेजारी उभी राहून. दि. ला म्हटलं, दीड तासात पोचते, थांबा. तो हो म्हणाला. मी पोचले तेव्हा माणसं आंघोळी करून परतत होती. चुलती गळ्यात पडली आणि म्हणाली, अगं तूच म्हणालीस ना, माझ्यासाठी थांबू नका.
मी असं कधी म्हणाले नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. नानांचं तोंड बघू दिलं नाही, ते दिलंच नाही, वर माझ्याच तोंडी घातलं. आज सगळ्या गावाला वाटतं की बापाला शेवटचं बघायला लेकीलाच सवड नव्हती.
त्याने चारचौघांत सांगायचं की मी खोटं बोललो. बाकी काही नको मला.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली, श्रीखंड केलं, दुपारी गाडीखाली आडवी झाले.
गंमत अशी की खालच्या बाजूचा काळा रंग अजून जागोजाग शाबूत. गंज वरून खाली आलाय, आतून. मागच्या बाजूला कोपऱ्यात पांढरा थर होता. बोटाने खरवडला. खत. पोटॅश असावं, कडेला पोत्याचे धागेही चिकटलेत.
नानांच्या गाडीत केळीच्या खताची पोती भरली ह्याने. कोठी केली. ज्या गाडीत नाना मला हात धरून बसवायचे तिथे. मीठ पत्रा खातं हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला लागतं का?
पुढे डावीकडे कुणी गाढवाने तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलाय, रिव्हेटचे खिळे मारून, वाकडातिकडा. डब्यावरचं शेंगदाण्याचं चित्र अजून दिसतं. पक्कडीने उपसून भंगारात फेकला.

२४ मार्च
ह्यांनी बॅटरी बसवली, पेट्रोलची टाकी उतरवून बाजूला ठेवली, वेल्डिंग करायचं म्हणून. इंजिन दोन दिवस खोकलं आणि लागलं. कंबर धरून उभे होते पण तोंडावर हसू. नानांचा जावई म्हणून नाही, मिस्त्री म्हणून.
म्हणाले, एका वेळी एकच बाजू काप. दारं लावून बघ, मग काप. तळ गेला की गाडीची कंबर जाते.
ऐकलं.

२७ मार्च
ऐकलं नाही.
सकाळी भावजयीचा फोन. दि. ची बायको, रेखा. गोड आवाज. म्हणे गाडी ठेवलीत का अजून, आम्हाला वाटलं दिली असेल एव्हाना. ग्राइंडर हातातच होता. फोन ठेवला आणि उजवी बाजू कापली, डावी कापली, मधलं उरलंसुरलं पण कापलं. एका दुपारीत सगळा तळ काढला. ठिणग्या उडत होत्या तोवर फार बरं वाटत होतं.
संध्याकाळी दार लावायला गेले. लागेना. दुसरं लागेना. गाडी मधून खाली बसली होती. हे आले, बघितलं आणि जॅक शोधायला गेले. त्यांनी ओरडायला हवं होतं.

३० मार्च
दोन जॅक, चार लाकडी ठोकळे आणि ह्यांची शिव्या न देण्याची सवय. मधून थोडं उचलायचं, दार लावून बघायचं, थोडं उचलायचं. उजवं दार लागलं. डावं शेवटी आपटून लागतं, नीट नाही. आडव्या नळ्या मारून ठेवल्या आतून, आता हलणार नाही.
रेखाच्या एका फोनने एवढं काम वाढवलं. तेही दि. च्याच खात्यात.

३ एप्रिल
गेट-ग्रिलवाल्या हाताला हा पातळ पत्रा सोसत नाही. रॉड टेकवला की भोक. भोक बुजवायला गेलं की मोठं भोक. तीन तुकडे वाया घालवले, चौथ्याला गॉगल फेकला.
गाड्यांच्या डेंटिंगवाल्या अस्लमभाईंकडून पातळ पत्र्याला चालणारं तारेचं सीओटू वेल्डिंग मशीन आणलं, आखाजीपर्यंत. ते म्हणाले, दीदी, गुस्से में मत चलाओ, तार खतम हो जाएगा. सगळ्यांना दिसतोय वाटतं.

६ एप्रिल
उजवी बाजू बसली. चालकाच्या पायाखाली एकसंध पत्रा, सगळीकडून पूर्ण वेल्ड. वरून हातोडीने ठोकलं, आवाज भरीव आला. रेड ऑक्साइड मारला. मागची बाजूही झाली.
ब्रेक दाबून बघितला उगाच. नानांच्या सीटवर पहिल्यांदाच बसले. ह्या बाजूला मी कधी बसतच नव्हते.

९ एप्रिल
प्राजूचा फोन. दि. ची पोरगी, गेल्या वर्षी लग्न होऊन भुसावळला गेली. पहिली आखाजी तिची. म्हणाली, आत्या, तू येणार ना? तू नसलीस तर मी पण जाणार नाही, पप्पांना सांगितलंय तसं. म्हटलं मी येतेच आहे बेटा. पप्पा तुला न्यायला येणार का विचारलं, तर म्हटलं ते त्यांना विचार.
पोरगी चांगली आहे. तिच्या पहिल्या आखाजीला तिच्या बापाचं नाक कापणार आहे मी, हे जरा खुपलं. जरा. तिच्या आजोबांचं तोंड तिला बघायला मिळालं होतं.

१३ एप्रिल
डावी बाजू. पत्रा कापला, बसवला, चार कोपऱ्यांना वेल्डचे नुसते चार टाके मारले. आणि थांबले.
हे म्हणाले पूर्ण मार. म्हटलं तिथे कोण बसणार आहे? तुम्ही येत नाही म्हणालात. ते म्हणाले, माझं तसं नाही, भांडण तुझं आहे, मी आलो तर माझं होईल.
वर रबरी मॅट टाकली. दिसायला अगदी झकास. पाय जोरात आपटला तर कोपरा सुटेल.
झोपताना मनात आलं, दि. ला एकदा तिथे बसवावं. पाय डांबरी रस्त्याला टेकला की कळेल, खालची जमीन सरकणं म्हणजे काय. मनातल्या मनात चांगलं दोनदा बसवून झोपले.

१६ एप्रिल
टाकी बसवली. गल्लीतून चक्कर मारून आले. डावं दार वळणावर कुरकुरतं. पोरं मागे धावली. एका म्हातारीने हात जोडले, का कोण जाणे.
ओट्यावर काय बोलायचं ते ठरवलं. तीन वाक्यं. चौथं बोलायचं नाही, रडू येतं.

१७ एप्रिल, शुक्रवार
संध्याकाळी दारात दि.
एस.टी. ने आला. हातात केळीची फणी, दुसऱ्या हातात साडीची पिशवी. केस किती पांढरे झालेत. म्हणाला, "अक्का, तुले घ्याले आलो."
दोन वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुराळी आला म्हणजे माझं सगळं मुसळ केरात. आता मी त्याच्या दारात गाडी लावली तर गाव म्हणणार, भावाने आणली हो बहिणीला मानाने. वर वाहवा त्याचीच.
कोणी पाठवलं विचारलं. खाली बघत म्हणाला प्राजू ऐकत नाही. म्हणजे माझ्यासाठी नाही आला. पोरीसाठी आला. बरं झालं, राग वाचला.
चहा घेऊन गाडी बघायला गेला. मी थांबवायच्या आत डावं दार उघडून बसला. मॅटवर दोन्ही पाय ठेवले. मी श्वास धरून उभी. टाके धरले.
"नाना अठीच बसे," म्हणाला. "शेवटच्या टायमाले रोज संध्याकाळी म्हनेत, चाल, अक्काले आनू. मी स्टेरिंगवर बसू. गाडी तं बंदच होती. मी म्हनू, नाना, आता एरंडोल आलं, आता पारोळं आलं. धुळं येवाच्या आधी झोपी जायेत."
मी म्हणाले, खोटं. ह्या माणसाला डोळा न लवता बोलता येतं, मला माहीत आहे.
तो मॅटकडे बघत होता. "पाय खाली जाये त्याईचा. म्हनून डब्याचा पत्रा मारला होता मी. तू काढला का तो?"
मी स्वयंपाकघरात गेले. कणीक मळली, गरज नसताना.
आणि खताची पोती? ती नाना गेल्यावर ठेवली म्हणे. रिकामी गाडी बघवत नव्हती. असंही कारण असतं का? असेलही.
जेवताना सरळ विचारलं. का थांबला नाहीस, आणि माझं नाव का घेतलंस. हे ताटावरून उठायला लागले, त्यांना बसा म्हटलं. दि. ने घास तोंडात तसाच धरला. मग म्हणाला, सकाळी लवकर निघू अक्का, ऊन होईल.
बस.

१८ एप्रिल, सकाळ
उठल्या उठल्या मागे भंगाराच्या ढिगात हात घातला. शेंगदाण्याच्या चित्राचा पत्रा अजून तिथेच होता. पुसून बघितला. रिव्हेट वाकडे, पण आतल्या बाजूने धारेवर सगळीकडे सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलेली. पाय कापू नये म्हणून.
एवढी काळजी होती तर दीड तास का नाही थांबलास रे.
अस्लमभाईंचं मशीन अजून इथेच आहे. डावी बाजू पूर्ण मारायला फार वेळ नाही लागत. हे मशीनकडे बघून माझ्याकडे बघत होते. मग चहा पीत बसले.
दि. कधीचा डावीकडे जाऊन बसलाय. साडीची पिशवी मांडीवर. हॉर्न माझ्या बाजूला आहे म्हणून दारावर टकटक करतोय.
टाक्यांचं त्याला सांगितलेलं नाही. डब्याचा पत्रा मी माझ्या सीटखाली ठेवलाय.
पारोळ्याला थांबवणार गाडी. स्टँडच्या बाहेर, त्याच रसवंतीशेजारी. तिथे परत विचारणार, आणि ह्या वेळी जेवण नाही की ऊन नाही, नुसती मी. बोलला तर खालची मॅट उचलून टाके दाखवीन आणि मागे बसवीन. नाही बोलला तर एरंडोलपासून पुढचा रस्ता खराब आहे, सगळे खड्डे मला पाठ आहेत.
निघते.