फावड्यावरचा पाय

बाबा, परवा लेकीच्या शाळेच्या सहलीबरोबर गेले होते. इथे दोन-चार आईवडिलांना मदतीला नेतात. आमच्या गावाहून, नीउ-व्हेनेपहून, बसने दोन तास, मग नुसती दलदल. पूर्वी या देशात लोक जळणासाठी जमीनच कापून काढत. हजारो वर्षं कुजून दबलेल्या वनस्पतींची काळी, ओली माती. तिच्या विटांएवढ्या वड्या पाडायच्या, वाळवायच्या आणि चुलीत घालायच्या. लाकडी बूट घातलेले एक आजोबा जुन्या अवजारांनी ते करून दाखवत होते. लांब दांड्याचं, अरुंद पात्याचं फावडं उभं धरायचं आणि त्यावर पाय देऊन अंगाचा सगळा भार टाकायचा. पातं आत जाताना मांस फाटल्यासारखा आवाज येतो. कापलेल्या कडेतून तपकिरी पाणी गळत राहतं. मुलं खिदळत होती आणि मी मागे सरकत होते.

आजोबांनी फावडं माझ्या हातात दिलं, पाय ठेवायला सांगितलं. मी ठेवला, आणि लगेच वाकून पात्याला हात लावला, तो कपाळाला लावला. ठरवून नाही केलं. धरणाच्या कामावरच्या वसाहतीत शाळा नव्हती, म्हणून तिसरीपर्यंत तुम्हीच माझे मास्तर. स्वयंपाकघरात मी पाढे म्हणतेय, तुम्ही खिडकीपाशी दाढी करताय. माझा पाय पाटीला लागतो आणि मी नमस्कार करायला विसरते. तुम्ही तोंडावरचा साबण न पुसताच लोखंडी पट्टी उचलता. तिची धार पावलावर बसली. आई म्हणाली, "अहो, रक्त आलंय." तुम्ही म्हणालात, "येऊ दे. लक्षात राहील." राहिलं.

माझ्या कपाळावरचा चिखल बघून मुलं हसायला लागली. हे काय केलंस, असं आजोबांनी कुतूहलाने विचारलं. मला डच शब्द सुचेनात. माझ्या सात वर्षांच्या लेकीने, खेळाचा नियम सांगावा तसं, त्यांना सांगितलं, "करावंच लागतं. नाहीतर पायावर मारतात."

तिच्या बाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. मी फावडं परत उचललं आणि पाय हाणला. पुन्हा हाणला. आत जुनी मुळं कडाकड तुटत होती, वडी सरळ निघायच्या ऐवजी लगदा होऊन बुटांवर पडत होता. आजोबा पुरे म्हणाले, कड ढासळेल म्हणाले, तरी मी थांबले नाही. शेवटी त्यांनी दांडा धरला. माझ्या तळहाताची साल निघाली होती.

परतताना बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "कोण मारतं?"

"माझे वडील," मी म्हणाले. "मला, लहानपणी. ते आता नाहीत."

त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. पुढच्या सीटवरून लेकीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं. मग ती परत खिडकीकडे तोंड करून बसली.

नीट सांगायचं तर तुम्ही मला एकदाच मारलंत. मी तिला तीनदा, तिन्ही वेळा रविवारी, मराठी शिकवताना. मागच्या रविवारी तिने अंकलिपी मुद्दाम पायाने ढकलली आणि मी लाकडी उलथनं घेऊन तिच्यामागे टेबलाखाली वाकले. उलथनं मोडलं. मोडलं ते टेबलाच्या पायावर, तिच्या नाही. पण नेम मी तिच्यावरच धरला होता. त्या आधीच्या दोन्ही वेळचे फटके तिला बसले होते.

हे बाईंना लिहायला हवं. मग चौकशी होईल, कदाचित तिला घेऊनही जातील, हे मनात येतं आणि मी तुम्हालाच लिहायला बसते. तुम्हाला लिहिलं की कुणी उलट काही विचारत नाही. आज रविवार आहे. ती न बोलावता टेबलाशी येऊन बसली आहे, पायात सहलीचे जाड बूट घालून. घरात बूट घालायचे नाहीत, हे मी तिला आज सांगितलेलं नाही.