तक्त्यात नसलेलं चिन्ह

३ फेब्रुवारी
आलो एकदाचा सुरतेला, आणि रुजूही झालो! कतारगाममधलं छोटं ऑफिस. खालच्या मजल्यावर हिरे घासायची चाकं, इथल्या भाषेत घंट्या, दिवसभर घरघरतात. काम मजेचं आहे. मोबाइल-संगणकाला जोडायच्या आम्हा अंधांच्या ब्रेल पट्टीवर इमोजी शब्दांत उमटतात, त्यांची मराठी नावं तक्त्यात भरायची. ज्या चिन्हाला नाव नाही, तिथे आठही ठिपके एकदम वर येतात. बोटाखाली नुसता उंचवटा. नाव भरलं की तो खाली बसतो आणि शब्द येतो. शेजारच्या टेबलावरचे बन्सीलाल मात्र डोळस, आमच्या धुळ्याचेच; मला मास्तर म्हणतात. कुणीतरी हसरे चेहरे रांगेने पाठवले, तर पट्टीवर ‘हसून डोळ्यांत पाणी’ संपेचना. मास्तर, वाचता वाचता खरंच पाणी येईल, म्हणाले.

राहायला बमरोलीत, सासूबाई उषाबाईंकडे. माझी बायको नूतन इथेच साड्यांना खडे चिकटवत माझ्या नोकरीची वाट पाहत होती. पावसाळ्यात तापाने गेली. नोकरी नंतर लागली.

६ फेब्रुवारी
तपासणीसाठी माझ्याच मोबाइलवरचे नूतनचे जुने संदेश पट्टीवर घेतले. प्रत्येकाच्या शेवटी उंचवटा. मोबाइलचा वाचून दाखवणारा आवाज हे चिन्ह गाळत असावा. बन्सीलालना स्क्रीन बघायला सांगितलं. ‘मास्तर, तठे काहीच नही शे.’ दुसऱ्यांदा तेच, पण हळू आवाजात.

ठिपके सुटे सुटे टोचायला हवेत. हा उंचवटा मऊ आहे, टोकाला खरखरीत. वाळलेला गम. खडे लावून लावून नूतनचं बोट असंच झालं होतं. मला हवं आहे म्हणून तर तसं लागत नाही ना? तीनदा हात धुऊन पाहिलं. तसंच.

९ फेब्रुवारी
नियमाप्रमाणे उंचवट्याला नाव भरायला घेतलं, तिचंच. ‘नू’ लिहिताच उंचवटा खचू लागला. खोडलं. परत वर आला.

पट्टी घरी आणली. सासूबाईंनी बोट ठेवलं, आणि लगेच काढून पदरात गुंडाळलं. मग म्हणाल्या, नाव भरा जावईबापू, जाऊ द्या माझ्या पोरीला.

मी हो म्हणालो. भरलं नाही.

११ फेब्रुवारी
आता तो सगळीकडे येतो. ऑफिसच्या पत्रात, या रोजनिशीच्या ओळींत. आज एक नव्हता — शेजारी आणखी चार. गार. बोटं उचलताना कातडी ओढली गेली, गम लागल्यासारखी.

मी तिच्यासाठी हे करतो आहे की माझ्यासाठी?

१२ फेब्रुवारी
डावा हात पट्टीवरून निघत नाही. उजव्याने लिहितो आहे. सासूबाई ओढून थकल्या — रडताहेत, नाव भरा म्हणताहेत —

अर्धं भरलं. पकड सैल झाली. तिची सगळी बोटं थरथरली, तापात थरथरत असतील तशी — तेव्हा मी इथे नव्हतो —

खोडलं.

गारठा कोपरापर्यंत. नाव पूर्ण केलं तर सुटेन. मग ती कुठेच —

उजवा हात अजून मोकळा आहे. तिची बोटं तो शोधताहेत. मीच तो पट्टीवर —