अण्णांचं ‘बरं’

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज पुन्हा ‘हेमिप्लेजिया’ शिकवलं. हेमी म्हणजे अर्धं, प्लेगे म्हणजे तडाखा. दोन्ही ग्रीक. अर्ध्या अंगावरचा तडाखा! आपला पक्षाघात तरी वेगळं काय सांगतो? आमच्या पलूसला म्हणतात, अंगावरनं वारं गेलं. तडाखा नाही, नुसतं वारं. पोरींनी तेही लिहून घेतलं. नर्सिंगच्या पोरी सगळं लिहून घेतात, मी शिंकले तरी.

घरी आले. दिवसभर अण्णांजवळ मंगल असते. मी दारात दिसले की ती चप्पल शोधायला लागते. ‘जेवले का गं?’ ‘इचारलं, तर बरं म्हणाले. पर जेवलं न्हाईत.’

बरं! दिवाळीत त्यांना तो तडाखा बसला, उजवं अंग गेलं, आणि बोलण्यातला एवढा एकच शब्द उरला. माझा बाप म्हणजे हवालदार माणूस. हाक मारली तर कॅनॉलच्या पलीकडं ऐकू जायची. आता चहा देऊ? बरं. नको का? बरं. परवा वैतागून म्हटलं, खिडकीतून टाकून देऊ का तुम्हाला? तर हसून — ‘बरं.’

मग मीच हसले. नंतर मोरीत जाऊन रडले. दमलेय.

बुधवार, ८ जानेवारी

विश्वजीतचा फोन. धाकटा भाऊ, पण बोलणं असं की मीच धाकटी. ‘आक्का, आता अण्णास्नी गावाकडं नेतो. लय झालं तुझं.’

मी म्हटलं, फिजिओथेरपी इथं, डॉक्टर इथं, विश्रामबागेत. तिकडं तुम्ही नवरा-बायको दिवसभर उसात. त्यांच्याकडं बघणार कोण?

‘मी इचारलंय त्यास्नी. बरं म्हणाले!’

अरे, मलाही बरं म्हणालेत. मी विचारलं होतं, माझ्याकडंच राहाल ना? — बरं. दोघांच्याही हातात तोच शब्द. शेवटी ठरलं, सव्वीस तारखेला तो गाडी घेऊन येणार. समोरासमोर विचारायचं.

पण विचारून काय? ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला अर्थ काय?

गुरुवार, ९ जानेवारी

अफेझिया. मेंदूला मार लागून वाचा जाते ती. अ म्हणजे नाही — ग्रीकमध्ये तेच, आपल्यात तेच. पुढचा तुकडा बोलण्याचा. तास रिकामा होता म्हणून कोश उघडून बसले. त्या ग्रीक धातूचं नातं संस्कृतातल्या ‘भण्’शी, आणि भण् घासून घासून आपलं ‘म्हणणं’ झालेलं. म्हणजे अफेझिया म्हणजे चक्क — न म्हणणं!

इतका आनंद झाला की घरी येऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बरं म्हणाले.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला, म्हटलं. म्हणाले, ‘बरं.’ पुढं काही लिहवत नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

वाचा-उपचारवाल्या बाई येऊन गेल्या. बोलताना ‘च’ चा उच्चार इतका स्वच्छ की आपण चूळ भरून यावं. म्हणाल्या, एकदम सगळं नको. दोनच शब्द घ्या, हो आणि नाही.

बाई गेल्यावर मी मोठ्या अक्षरात दोन कार्डं केली. संध्याकाळी शिकवणी. अण्णा, म्हणा — ना. ही. ना-ही. ओठ हलतात, जीभ वर जाते, कपाळाला आठ्या पडतात. मग — ‘बरं.’

थेरपी हा शब्दसुद्धा ग्रीक. मूळ अर्थ सेवा. थेरपॉन म्हणजे सेवा करणारा चाकर. म्हणजे मी.

शनिवार, १८ जानेवारी

हे मलकापूरहून आले. बँकेतून शनिवारी येतात, रविवारी संध्याकाळी परत. माझ्याकडं बघून म्हणाले, ‘तू आरशात बघितलंस का एवढ्यात?’ नाही बघितलं. म्हणाले, विश्वजीत नेतोय तर नेऊ दे की.

खरं लिहायचं तर मलाही कधीकधी वाटतं, नेऊ दे. एक दिवस उठावं आणि कुणाचंच काही करायचं नसावं. असं वाटलं की अण्णांच्या तोंडाकडं बघवत नाही. पण तिकडं ते नुसते पडून राहतील. आणि कुणी काहीही विचारलं तरी बरं म्हणतील! नको. आधी ‘नाही’ म्हणायला शिकू देत. मग जाऊ देत कुठं जायचंय तिकडं.

सोमवार, २० जानेवारी

आज ‘अल्जिया’ असलेले शब्द. अल्जिया म्हणजे दुखणं. मायाल्जिया स्नायूंचं, आर्थ्राल्जिया सांध्यांचं. क्रांती उभी राहिली. जतकडची पोर, मागच्या बाकावरून कायम काहीतरी काढते. ‘मॅडम, मग नॉस्टाल्जिया कशाचं दुखणं?’

वर्ग हसला. मी म्हटलं, हसू नका, बरोबर आहे तिचं. नोस्टोस म्हणजे घरी परतणं. तीनेकशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरानं ग्रीक तुकडे जोडून आजाराचं नाव म्हणूनच हा शब्द केला. घरापासून लांब गेलेल्या शिपायांना तो आजार व्हायचा म्हणे.

‘औषध काय हुतं त्येच्यावर?’

मी म्हटलं, घरी पाठवायचे. आणि ‘हुतं’ नाही, ‘होतं’ म्हण.

मंगळवार, २१ जानेवारी

काय झालंय आज! नीट लिहिते.

विश्वजीतचा फोन. म्हणे, गोठ्यासमोर कॉट टाकतो, जनावरांकडं बघत बसतील. गोठ्यासमोर! थंडीत! डोकंच फिरलं. कॉलेजात एवढी वर्षं घासूनपुसून बसवलेली भाषा गेली कुठच्या कुठं. पलूसच्या पाणवठ्यावर ओरडावं तसं ओरडले — ‘न्हाई म्हंजे न्हाई! कुटं जायाचं न्हाईत अण्णा!’ फोन आपटला.

आणि मागून आवाज. ‘न्... न्हाई.’

वळले तर अण्णा उठायला बघत होते. डोळे लख्ख. ‘न्हाई,’ पुन्हा. ‘न्हाई. न्हाई.’ नवा पावा मिळालेल्या पोरासारखं वाजवतच सुटले!

ना-ही, ना-ही म्हणून त्या माणसाचा जीव काढत होते मी. हा शब्द त्यांनी उभ्या जन्मात कधी तोंडात घेतलाय? आमच्या घरात न्हाई आणि व्हय. हो म्हणायचे ते मास्तर आणि मामलेदार. मी पोरगी त्यांची, मला कळू नये?

ग्रीकांना ज्यांची बोली कळायची नाही, त्यांचं बोलणं त्यांना नुसतं बर-बर ऐकू यायचं. म्हणून त्यांना बार्बारोस म्हणायचे. आपल्याकडं बर्बर. मी आपली समजत होते, बर-बर करतायत ते अण्णा!

कार्डं फाडली. नवी केली. न्हाई. व्हय.

गुरुवार, २३ जानेवारी

दुधीची भाजी? न्हाई. अंघोळ? न्हाई. गोळी? न्हाई! चहा? बराच वेळ ओठ जुळवून — ‘व्हय.’ मंगल कावलीय. ‘आवं ताई, आदीचं बरं हुतं की!’

मी आज चालत बाजारात जाऊन आले. उगाच. बोरं घेतली.

वर्गात क्रांती ‘व्हय मॅडम’ म्हणाली. मी पुढचं नाव घेतलं.

शनिवार, २५ जानेवारी

उद्या विश्वजीत येणार. येऊ दे! आता भीती नाही. पलूसला चलायचं का, विचारेल. अण्णा म्हणतील, न्हाई. मग मीही त्याला दोन शब्द सुनावणार आहे, कार्डाशिवाय.

हे या शनिवारी यायचे नाहीत, फोनवरच सांगितलं. म्हणाले, तुझी एवढी घालमेल कशाला, तुझ्याच बाजूनं तर आहेत ते. हो. आहेतच. आज अण्णांची दाढी मीच केली. गुळगुळीत.

रविवार, २६ जानेवारी

टीव्हीवर दिल्लीचं संचलन संपेपर्यंत अण्णा ताठ बसून होते. मग मीच पुढं झाले. विश्वजीतच्या देखत, त्यांच्या भाषेत विचारलं, ‘अण्णा, हितंच ऱ्हायाचं न्हवं, माज्यापाशी?’

डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, ‘न्हाई.’

स्पष्ट.

मी म्हणाले, ‘बरं.’