साहेबांच्या शब्दावर पेरलेलं

बाबा, तुमच्या हाताखालचे ते अधिकारी गेल्या आठवड्यात घरी आले होते. तुम्ही ज्यांच्याबद्दल 'हुशार आहे, पण लवकर वाकतो' म्हणायचात, तेच. कृषी खात्यातून निवृत्त झाले आणि लगेच तुमच्याच त्या बियाणे कंपनीत सल्लागार म्हणून लागले. पेढ्यांचा खोका घेऊन आले. "साहेबांच्या पावलावर पाऊल टाकलं, ताई," म्हणाले आणि वर हसले. तो खोका त्यांच्या अंगावर भिरकावावा असं मला वाटलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची पावलं लोकांच्या कामाला येतच आहेत.

खोक्यावरून आठवलं. मी पाचवी-सहावीत असेन. दिवाळीच्या तोंडावर मेहकरच्या आपल्या भाड्याच्या घरी कुठल्याशा कंपनीचा माणूस काजूकतलीचा डबा ठेवून गेला. तुम्ही दौऱ्यावर होता. आईने हात लावू नको म्हणून बजावलं होतं, मी लावला. तुम्ही आलात, डबा पाहिलात, माझा फुगलेला गाल पाहिलात आणि मला मोरीत नेऊन तोंडातला घास थुंकायला लावलात. "ज्याचा माल आपण तपासतो, त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही." मग स्वतः बाजारात गेलात, काजूकतली विकत आणून डबा भरलात आणि परत पाठवलात. मी रडले, पण दुसऱ्या दिवशी शाळेत हीच गोष्ट छाती फुगवून सांगत सुटले. आता वाटतं, गिळून टाकायला हवी होती. पुढे तुम्ही एवढं खाणार होता, तर माझाच घास काय जड झाला होता?

आणि ते गोणपाट! उन्हाळा सरत आला की तुमचा मुक्काम स्वयंपाकघरात. गोणपाट ओलं करायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळींत सोयाबीनचे शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट, मग गुंडाळी करून माठाशेजारच्या सावलीत ठेवायची. आई कावायची, "माह्या माठापाशी काऊन ठेवता हो हे भिजलेलं पोतं?" आठवड्याने तुम्ही गुंडाळी उघडता, मला शेजारी बसवता आणि आपण दोघं कोंब मोजतो. सत्तरच्या वर आले तर पेरायचं, नाहीतर पिशवी दुकानदाराला परत. जानेफळकडे मामांच्या गावात तुम्ही हे घरोघरी शिकवलंत. पिशवीवर काय छापलंय ते वाचू नका, गोणपाट काय म्हणतं ते बघा, असं तुम्ही पारावर उभं राहून सांगायचात. मामा तर अभिमानाने म्हणायचे, "आमच्या गावात दाजीले पुसल्याशिवाय पेरनी नाही."

निवृत्तीनंतर तुम्ही त्या कंपनीत गेलात तेव्हा घरात पहिल्यांदा भांडण झालं. तुम्ही म्हणालात, नोकरीत असताना मी त्यांचं एक बिस्कीट खाल्लं नाही, आता हक्काने खाल्लं तर काय बिघडलं? आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तवा बिस्कीट नाही खाल्लं, आता अख्खा पुडा खाऊन राह्यले." तुम्ही ताटावरून उठलात. सगळं नियमात बसतं, हे तुमचं पालुपद तेव्हापासूनचं. बसत असेलही. नियमात काय काय बसतं हे तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं?

मग पेरणीच्या आधी तुम्ही कंपनीच्या गाडीतून मामांच्या गावी गेलात. मेळावा भरला. कोणीतरी नेहमीसारखं म्हणालं, साहेब, दोन मुठी द्या, गोणपाटात घालून पाहतो. आणि तुम्ही हसत म्हणालात, "आता मीच आलोय ना? तपासायची गरज नाही." बाबा, या एका वाक्यासाठी तुम्हाला मी कधीच माफ केलेलं नाही. ते गाव तुमच्याकडून तपासायला शिकलं होतं, आणि तुमच्याच तोंडाकडे बघून त्याने तपासणं सोडलं. गोणपाटं तशीच कोपऱ्यात राहिली. मामांनी सगळं रान त्या बियाण्याने पेरलं. निम्मंही उगवलं नाही.

तक्रारीनंतर पाहणी झाली, त्या दिवशी आईने मला मुद्दाम मामांच्या बांधावर पाठवलं होतं. सरकारी गाडीतून हेच पेढेवाले उतरले. तुम्हाला पाहिल्याबरोबर त्यांनी टोपी काढली आणि स्वतःसाठी मांडलेली खुर्ची तुमच्यापुढे सरकवली. "साहेब, तुम्ही बसा." तुम्ही बसलात! तुम्ही कंपनीकडून आला होता आणि चौकशीला आलेला अधिकारी तुमच्यासमोर उभा होता. मग तुम्ही खिशातून तीच नोकरीतली स्टीलची पट्टी काढलीत, सरीत खुपसलीत आणि म्हणालात, पेरणी खोल गेलीय, ओलही कमी होती, लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं. मामा पुढे आले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "दाजी, तुमीच म्हनले होते न, तपासाची गरज नाही? म्या तुमच्या शब्दावर पेरलं." तुम्ही पट्टी पुसत राहिलात.

कंपनीने तुम्हाला कशाचे पैसे दिले, हे मला त्या बांधावर कळलं. तुमच्या ज्ञानाचे नव्हे, ज्ञान असलेली पोरं त्यांच्याकडे ढीगभर होती. त्यांनी ती पुढे सरकलेली खुर्ची विकत घेतली, आणि मामांचा विश्वास. दोन्ही तुमचे नव्हतेच. खात्याने ते तुम्हाला जीपसारखे वापरायला दिले होते. जीप तेवढी तुम्ही इमानदारीने जमा केलीत.

त्यानंतर मामा आपल्या घरी आले नाहीत. भाऊबीजेला आईच एसटीने त्यांच्याकडे जायची, ओवाळून संध्याकाळी परत यायची आणि तुमच्याशी दोन दिवस बोलायची नाही. तुम्ही गेलात तेव्हा मामा आले, अंगणात उभे राहिले, पाणीसुद्धा न पिता परतले. 'त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही' हे तुमचं वाक्य शेवटपर्यंत पाळलं ते त्यांनी. आई गेल्यावर मात्र ते मला फोन करायला लागले. माहेर म्हणून मला आता तेवढा एक फोन आहे.

तर पेढेवाल्यांचं काम असं की, मामांच्या गावात मेळावा आहे आणि मी तिथे दोन शब्द बोलावेत. "तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता, वर साहेबांच्या कन्या. लोक तुमचं ऐकतील." मी येणार नाही म्हणून तोंडावर सांगितलं. जाताना ते बियाण्याची एक पिशवी ठेवून गेले. मी त्याच दिवशी गोणपाट ओलं केलं. शंभर दाणे, दहाच्या ओळी, माठाशेजारी.

आज सकाळी उघडलं. उगवलंय, बाबा. जवळजवळ सगळं. पांढरे, टपोरे, सरळ कोंब. एखाद्याला आनंद झाला असता. मी मात्र आठवडाभर, ते कुजावं म्हणून वाट बघत होते.

तेवढ्यात मामांचा फोन आला. "बाई, तो मानूस गावात येऊन गेला. लोक म्हनून राह्यले, साहेबाच्या पोरीले इचारा. पाह्यलं का तू बियानं?"

"पाहिलं."

"उगोलं का?"

गोणपाट माझ्यासमोर उघडं होतं. मी म्हणाले, "नाही मामा. नाही उगवलं."

"हाव? मंग झालं. तू सांगून राह्यली तं मी कायले तपासू? गावालेबी सांगतो." त्यांनी फोन ठेवला. किती दाणे घातले, किती आले, काही विचारलं नाही.

मामांना परत फोन करायला हवा. चांगलं बियाणं आहे, पण माझ्या शब्दावर जाऊ नका, दोन मुठी घेऊन घरी बघा, एवढंच सांगायचं आहे. हातात फोन आहे, आणि मी दुपारपासून तुम्हाला, जिथे काही पोचत नाही तिथे, लिहीत बसले आहे.