सरपंचबाईंची सही

मंगळवार, सकाळी नऊ
(चहा झाला, आंघोळ बाकी)

तीर्थस्वरूप शालनवहिनी,

धाकट्या दिराचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (गुडघा वाकत नाही म्हणून कागदावरच ठेवतो, मनातून पुरता वाकलोय असं समजा.) शुगर ताळ्यावर आहे ना? चाकणच्या धुरानं खोकला वाढला होता, तो बसला का? शेखर आणि सूनबाई दोघंही कंपनीत गेल्यावर तुम्ही दिवसभर बोलता कुणाशी, हा प्रश्न तुमच्या जावेला रोज दुपारी पडतो आणि त्याचं उत्तर ती मला विचारते. फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. तुमच्या घरी फोन आला की शेखर तो स्पीकरवर टाकतो, आणि मला जे सांगायचंय ते सगळ्या घरानं ऐकावं असं नाही. गणराजचा टेम्पो रोज चाकणला माल टाकायला जातो, त्याच्या हाती हे देतोय. शेखरकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावा आणि स्वतः वाचा.

तर आपल्या ग्रामपंचायतीचं संग्रहालय झालं. गाव महापालिकेत गेल्यापासून कचेरीला कुलूप होतं आणि आत कबुतरांची बॉडी बिनविरोध निवडून आली होती. उद्धवरावांची नात उत्कर्षा पुण्यात संग्रहालयांचंच शिकून आली, म्हणाली हा गावाचा वारसा आहे. पोरांनी भिंती रंगवल्या, कौलं बदलली, आणि मला मार्गदर्शक नेमलं. ज्या दारात तीस वर्षं शिपाई म्हणून स्टुलावर बसलो, त्याच दारात आता मार्गदर्शक. स्टूलही तेच आहे, पण उत्कर्षानं त्याला पाटी लावलीय, 'शिपायाचे आसन, कृपया बसू नये'. त्यामुळे मी दिवसभर उभा असतो.

जुन्या वस्तू आणून द्या म्हणून देवळाच्या भोंग्यावरून पुकारा केला. पहिल्या दोन दिवसांत दळायची चौदा जाती आली. ती ठेवायची कुठं म्हणून हात टेकले, तेवढ्यात खऱ्या वस्तू यायला लागल्या. पंचायतीचं भिंतीवरचं घड्याळ, पंचायतीचं बाकडं, पंचायतीचा कंदील, सगळं गावातल्या चांगल्या चांगल्या घरांतून निघालं. प्रत्येक जण छाती पुढं काढून म्हणतो, 'आमच्या आज्यापासून हाय आमच्यात.' बाकड्याच्या पाठीवर 'ग्रामपंचायत' असं मीच रंगवलेलं, तरी व्हय व्हय करत घेतलं. उत्कर्षानं प्रत्येकाच्या नावाची 'सप्रेम भेट' अशी पाटी केली. आपलंच चोरीला गेलेलं आपल्यालाच भेट मिळाल्याचा सत्कारही झाला, नारळ मीच फोडला.

लोकांना मात्र संग्रहालय म्हणजे काय ते अजून उमगलेलं नाही. दार उघडं दिसलं की कागद घेऊन येतात. माण-मारुंजीकडची भाड्यानं राहणारी आयटीची पोरं सेल्फी काढून जातात, ती बरी. पण आपली जाईबाई आली रहिवासी दाखला मागायला. आणि माझ्या तोंडून, शपथेवर सांगतो, आपसूक निघून गेलं, 'साहेब मीटिंगला गेल्यात, उद्या या.' ती उद्या आली. परवाही आली. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या खानदानाचा जो उद्धार केला तो इथं लिहिण्याजोगा नाही. शेवटी मी काचेच्या कपाटातला जुना शिक्का काढला, जुना छापील फॉर्म काढला, आणि दिला दाखला. उत्कर्षा चिडली, काका, ती प्रदर्शनातली वस्तू आहे म्हणाली. वॉर्ड ऑफिसात तो कागद कुणी हातातही धरणार नाही. पण जाईबाईनं तो फ्रेम करून देवापाशी लावलाय, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला.

आता मुद्द्यावर येतो. (आलो असतो आधीच, पण हात धजत नव्हता.) सभेत काय ठरलं ते लिहायची प्रोसिडिंगची वही उत्कर्षाला सापडली. त्यात तुमची सरपंचकीची पाच वर्षं आहेत. नळाची लाइन, मुलींच्या शाळेची भिंत, स्मशानभूमीचं शेड, आणि प्रत्येक ठरावाखाली तुमची सही. पोरगी हरखली. गावच्या पहिल्या महिला सरपंच म्हणून एक अख्खी भिंत तुम्हाला दिलीय आणि त्यावर ती सही दरवाजाएवढी मोठी करून लावलीय. येत्या रविवारी रीतसर उद्घाटन आहे. 'काका, बघा काय ठसका आहे या सहीत,' असं म्हणत ती सहीच्या शेवटच्या लांब शेपटीवरून बोट फिरवते, आणि मी दुसरीकडं बघतो. कारण ती शेपटी कुणाची आहे, हे आता दोघांनाच माहीत आहे, तुम्हाला आणि मला. दादा गेले.

पहिल्यांदा ग्रामसेवकांना निघायची घाई होती. तुमच्या खुर्चीत दादा बसले होते. मला म्हणाले, 'सोपाना, ती धारा काढतीय, घर कुठं गाठतोस, ओढ तिच्या नावाची एक रेघ.' ओढली. पुढं कुणी सांगायचीही गरज पडली नाही. दुसऱ्या वर्षापासून तर मी ती शेपटी जोडली, कारण सही जरा मिळमिळीत दिसत होती. (खरं सांगतो, मला त्या सहीचा अभिमान वाटायला लागला होता.) नळ कुठून न्यायचा ते तुम्ही चुलीपुढं ठरवायचं, दादांनी ते सभेत बोलायचं, आणि खाली सही मी करायची. आपण तिघांनी मिळून एक सरपंच चालवला, आणि सगळं गाव दादांचं नाव घ्यायचं, बबनरावांनी काय कामं केली.

आणि एकदा तुम्ही आला होता, वहिनी. भर उन्हाच्या, डोक्यावर पदर, मुठीत पेन. लेकीच्या पाटीवर सही गिरवून गिरवून बसवलीय, असं आमच्या हिनं मला आधीच सांगितलं होतं. आणि मी दारातच म्हणालो, 'वहिनी, झाली बी सही, तुमी कशाला आलात तंगडतोड करत.' तुम्ही वही बघितली, जरा वेळ बघितली, म्हणालात 'चांगली आलीय,' आणि गेलात. परत कधी कचेरीची पायरी चढला नाहीत. त्या वेळी मला वाटलं तुम्ही शाबासकी दिली. इतका मी शहाणा.

भिंतीवरून ती सही उतरावी म्हणून मी काय नाही केलं? ओल येते म्हणालो, तर तिनं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. वही तिजोरीत टाकून किल्ली हरवली म्हणालो, तर चिंचवडहून एक जण आला आणि त्यानं दोन मिनिटांत तिजोरी उघडली. (इतकी वर्षं आपण तिच्यात गावचा कारभार ठेवत होतो, बोला.)

असो. रविवारी दहाला या. शेखर आणेल, नाही तर गणराज. तुमच्या जावेनं तुमच्यासाठी बिनसाखरेची खीर करायचं मनावर घेतलंय, तेवढी सहन करा.

तुमचाच, लाजलेला,
सोपान

ता. क. – खरं काम असं की, उत्कर्षानं सगळ्यांपुढं विचारलं तर सही तुमचीच आहे म्हणा. म्हणूही नका, नुसती मान हलवा. उतारवयात भावकीत माझं हसं नको.

ता. क. २ – वरचा ता. क. तुमच्या जावेनं वाचला. तिनं दुपारचं ताट माझ्यापुढं आपटलं आणि म्हणाली, 'अजून त्यांच्याकडूनच मान हलवून घ्या.' तेव्हा तो वाचू नका, खोडायचा राहिलाय. जेवण न जेवताच कचेरीत गेलो आणि उत्कर्षाला सगळं सांगून आलो. मला वाटलं पोरगी हसेल, नाही तर मार्गदर्शकपद काढून घेईल. तिनं शिडी लावली, सही उतरवली, भिंत पुसली. मग मला विचारलं, 'काका, मग त्यांची सही कशी आहे?' सोबत कोरा कागद ठेवलाय. रविवारपर्यंत जमलं नाही तर उद्घाटन पुढं ढकलू, ती तयार आहे. वहिनी, चाळीस वर्षं तुमच्या हातचं जेवलो, पण तिला सांगता आलं नाही. मी ती सही कधी बघितलीच नाही.