ढगातला उतार

ग्लासगो
मार्चमधला एक रविवार

प्रिय परीक्षित,

आज तुझा फोन आला तेव्हा ‘जरा दमलेय रे’ म्हणून मी लगेच ठेवून दिला. तुला चुटपुट लागली असेल. दमले होते हे खरंच आहे. पण फोनवर तू सारखं ‘बरं, मग?’, ‘अगं, मग पुढे?’ करतोस आणि मी भलतीकडेच वाहवत जाते. हे मात्र मला न अडखळता सांगायचंय, म्हणून किचनच्या टेबलाशी बसून चक्क कागदावर लिहितेय. पायांचे दोन्ही अंगठे निळे पडलेत, पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात, चमचा उचलतानाही खांदा कुरकुरतोय. कारण वय वर्षं एकसष्ट, रिटायर्ड अनेस्थेटिस्ट वैजयंतीबाई काल आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या डोंगरावरून स्की करत खाली आल्या. हसून घे. हसून झालं की पुढे वाच.

स्कॉटलंडमध्ये इतकी वर्षं काढून माझा आणि बर्फाचा संबंध काय, तर ऑन-कॉलला जाताना विंडस्क्रीनवरून तो खरवडून काढायचा. नाहीतर ईशानीच्या शाळेच्या मोज्यांतून तो घरात यायचा आणि मी ओरडायचे. नॉटिंगहॅमला हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये आपण तिघं राहायचो, तो पहिला हिवाळा आठवतो? पहाटे बर्फ पडायला लागला तर श्रीनिवास नुसत्या चपला घालून, पायजम्यावर बाहेर पळाला होता. मी त्याच्यामागे कोट घेऊन धावले. आणि तू माकडटोपी घालून, अंगाभोवती रजई गुंडाळून खिडकीतून विचारत होतास, ‘श्री, बोटं बधिर झाली का रे? झाली असतील तर सांग, मग मी नाही येत!’ त्यानंतर परीक्षा आल्या, ड्यूट्या आल्या, मॉर्गेज आलं. बर्फ हे एक काम होऊन बसलं. त्यात हसण्यासारखं काही असतं, हे मी विसरूनच गेले.

मग गेल्या शरदात एका संध्याकाळी मी बेलाह्यूस्टन पार्कमध्ये चालायला गेले होते. तिथे टेकडीच्या उतारावर एक मोठी मॅट पसरलेली आहे, उलट्या ब्रशांची असावी तशी. तिच्यावर बर्फाशिवाय स्की शिकवतात. इथले लोक त्याला ड्राय स्लोप म्हणतात, पण ग्लासगोत ड्राय काय राहणार! रिमझिम चालू होती, दिवे लागले होते, आणि सात-आठ प्रौढ माणसं त्या ओल्या मॅटवरून हळूहळू घसरत खाली येत होती. त्यांत एक बाई माझ्यापेक्षाही मोठी, पांढऱ्याशुभ्र वेणीची. ती आली, दोन्ही हात पसरले आणि बदकन बसली. बसल्या बसल्या अशी हसायला लागली की, परीक्षित, कुंपणाबाहेर उभी असलेली मीही हसू लागले. एकटीच, छत्री धरून. श्रीनिवास गेल्यापासून मी एकटी असताना हसले नव्हते, हे मला घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं. पुढच्या आठवड्यात मी आत जाऊन नाव घातलं. तुला मात्र ‘बुधवारी एक क्लास असतो’ एवढंच सांगत राहिले. तू बिचारा योगाचा असेल असं धरून चाललास.

आमची शिक्षिका मोरॅग एरवी शाळेत गणित शिकवते. रुंद खांद्यांची, केशरी जाकिटातली, आवाज खणखणीत. पहिल्या दिवशी स्कीचे बूट घातले तेव्हा वाटलं की दोन्ही पायांना प्लॅस्टर घातलंय आणि आता चाल म्हणतायत. त्यात नडग्या पुढे दाबून उभं राहायचं. भीती वाटली की माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकलं की स्की पुढे पळते नि आपण आडवे. ‘लीन इंटू इट, वायजा!’ मोरॅग ओरडायची. माझ्या नावाचं तिनं ते केलंय. थांबायचं असेल तर स्कीजची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब करायची. पिझ्झाचा त्रिकोणी तुकडा असतो तसा आकार. मी दोन बुधवार नुसती थांबायलाच शिकत होते. तिसऱ्या बुधवारी थांबता आलं, तर वळता येईना, आणि मी सरळ जाऊन कुंपणाच्या जाळीत अडकले. ईशानी बघायला आली होती. ती शाळेच्या ट्रिपमध्येच शिकलेली, पाण्यातल्या माशासारखी जाते. जाळीतून मला सोडवत म्हणाली, ‘आई, तू फार स्टिफ उभा राहतेस. तुझा गुडघा वाकव. आणि पायांकडे नको ना बघू, जिथे जायचा आहे तिथे बघ.’ तिचं मराठी ऐकून मला आणखीच हसू फुटलं आणि आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.

ईशानीबरोबर अशी बसले त्याला किती दिवस झाले होते! तुला माहीत आहे, श्रीनिवासच्या आजारपणानंतर आम्ही दोघी एकमेकींशी फार जपून वागत होतो. तिनं रडायचं ते तिच्या फ्लॅटवर, मी माझ्या घरी. त्या शेवटच्या महिन्यात तू वॉटफर्डहून येऊन राहिलास ते मी कधी बोलून दाखवलं नाही. त्याला नर्सनं केलेली दाढी आवडायची नाही, तर रोज सकाळी तू गरम पाण्याचं भांडं घेऊन त्याच्यापाशी बसायचास. साबणाचा फेस करता करता कुठल्यातरी जुन्या क्रिकेट मॅचवरून त्याच्याशी भांडायचास. आतल्या खोलीत मला दोघांचे आवाज यायचे. तो दमून गप्प झाला की तू दोघांच्या वतीनं भांडायचास. सगळं झाल्यावर तू चादरी धुवून, घडी करून ठेवल्यास आणि निघून गेलास. फ्रीजमध्ये तू केलेली आमटी होती. मी त्या दिवशी तुला दारापर्यंत सोडायलाही आले नाही, आणि तू ते मनाला लावून घेतलं नाहीस.

तर काल. मोरॅगनं आमच्या वर्गाला खऱ्या बर्फावर न्यायचं ठरवलं, ग्लेन्कोला. ईशानीनं गाडी चालवली. लॉक लोमंडचं तळं मागे पडलं आणि पुढचा सगळा मुलूख हळूहळू रंग टाकत गेला. आधी तपकिरी, मग राखाडी, मग काहीच नाही. वर जायला खुर्च्यांची लिफ्ट आहे. दोघादोघींनी बसायचं, पाय खाली मोकळे लोंबतात, आणि खुर्ची आवाज न करता वर निघते. खाली रॅनक मूरचं पठार पसरलं होतं. त्यात ठिकठिकाणी गोठलेली पाणथळं, जणू कुणी आरसे पालथे-उताणे टाकून दिलेत. इतकी शांतता मी फक्त ऑपरेशन थिएटरमध्ये अनुभवली होती, पेशंट झोपल्यावर आणि सर्जननं सुरी मागण्याआधी जो एक क्षण असतो ना, तशी. ईशानीनं माझा हातमोजा तिच्या हातमोज्यात धरला होता.

वर खरा बर्फ. मॅटवर स्की खरखरते, इथे ती नुसती श्वास सोडल्यासारखी करते. पहिल्यांदा मला वाटलं मी पुढे जातच नाहीये, डोंगरच सावकाश माझ्याखालून सरकतोय. सकाळभर नवशिक्यांच्या छोट्या उतारावर वर-खाली केलं. पडले, पण मऊ पडले. दुपारी मोरॅग म्हणाली, ‘वायजा, यू आर रेडी,’ आणि आम्हाला जरा वरच्या, लांबच्या उतारावर घेऊन गेली. ती पुढे, तिच्यामागे आम्ही एकेक, आणि सगळ्यांच्या शेवटी मी. ईशानी तेव्हा दुसऱ्या बाजूला, मोठ्या उतारावर गेली होती. अर्ध्यावर आलो आणि ढग खाली उतरला.

परीक्षित, हे कसं सांगू तुला? धुकं आपण पाहिलंय. हे धुकं नव्हतं. वर पांढरं, खाली पांढरं, मधे पांढरं. उतार कुठल्या बाजूला आहे तेही कळेना. मी थांबलेय असं वाटत होतं, आणि अचानक तोल गेला तेव्हा कळलं की मी हळूहळू घसरत होते. मी पिझ्झा केला आणि थांबले. खरंच थांबलेय की नाही ते बघायला काठी बर्फात रोवली. मोरॅगचं केशरी जाकीट दिसेनासं झालं होतं. हाक मारली तर माझा आवाज तोंडापाशीच मऊ होऊन पडला. घाबरले का? पहिल्यांदा खूप. मी जन्मभर भूल देताना दुसऱ्यांना सांगत आले तेच स्वतःला सांगितलं, नाकानं श्वास घ्या, सावकाश, सोडा. मग भीती हळूहळू विरली. पापण्यांवर बर्फाचे कण बसत होते. कुठेच काही नव्हतं, वयही नव्हतं, घर नव्हतं, काल-उद्या नव्हते. फार सुंदर होतं रे ते. झोपेत शिरताना माणसाला असंच वाटत असेल का, असं मनात आलं.

आणि माझी जुनी सवय तुला माहीत आहे. काहीही घडलं, बरं-वाईट, की मी ते घडत असतानाच मनात सांगायला सुरुवात करते. घरी जाऊन काय सांगायचं, कसं सांगायचं. इतकी वर्षं ऐकणारा एकच होता. तो गेल्यावरही मी त्यालाच सांगत असे, बसमध्ये, बागेत, टेस्कोमध्ये बिलाच्या रांगेत. काल त्या पांढऱ्यात उभी राहून मी सांगायला लागले, ‘अरे, आकाश नि जमीन एकच झाली होती, आणि मी थांबलेय असं वाटत असताना घसरत होते.’ आणि समोरून मनात ‘बरं, मग?’ असं आलं. श्रीनिवास कधी ‘बरं, मग?’ म्हणत नसे. तो नुसता ऐकायचा. तो आवाज तुझा होता.

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. रडले थोडी. गॉगलच्या आत रडलं की काच धुरकट होते, हेही एक नवीन ज्ञान. श्रीनिवासला मनात म्हटलं की बघ, असं झालंय. मला अपराधी वाटलं नाही. ढगातून मोरॅगचा आवाज आला, ‘वायजा! स्टे पुट, आयम कमिंग टू यू!’ मग केशरी ठिपका दिसला, मोठा होत गेला. ती माझ्या खालच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या जाकिटाकडे बघ, बाकी कशाकडे बघू नकोस. आम्ही तशाच उतरलो. ती उलटी, माझ्याकडे तोंड करून, आणि मी तिच्यामागे. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. खाली ढग फाटला, लिफ्टचे खांब दिसले, लाल टोपीतली ईशानी दिसली, आणि शेवटच्या सपाटीवर, जिथे पडायचं काही कारणच नव्हतं, तिथे मी थाटात आडवी झाले.

कॅफेत ईशानीनं माझ्यासमोर हॉट चॉकलेट ठेवलं. माझ्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, ‘आई, परीक्षितकाकाला तू सांगितलं का अजून?’ मला वाटलं स्कीबद्दल विचारतेय. म्हटलं, ‘नाही गं, उद्या फोन येईल तेव्हा सांगेन.’ ती म्हणाली, ‘स्की नाही. ते दुसरा.’ तिला मी कधी एक अक्षर बोलले नव्हते. पण लेकी काय, बघूनच ओळखतात. ती म्हणाली, ‘बाबा गेला तेव्हा मला वाटायची की तू पण गेली. आता तू इथे आहे.’ इतकं चुकीचं मराठी आणि इतकं बरोबर बोलणं मी उभ्या जन्मात ऐकलं नाही.

दिवाळीच्या कार्यक्रमाला मी वॉटफर्डला आले होते. परत निघताना, गाडी प्लॅटफॉर्मला लागत असताना, तू माझी बॅग हातातून न सोडता विचारलंस, ‘वैजू, उरलेली वर्षं एका घरात काढू या का?’ मी ‘कळवते’ म्हटलं, जसं काही तू जेवायलाच बोलावलं होतंस. त्यानंतर एवढे रविवार गेले, तू हवापाण्याचं विचारलंस, माझ्या गुडघ्यांचं विचारलंस, पण ते एकदाही काढलं नाहीस. आज फोनवर मी चटकन ‘हो’ म्हणाले असते, पण तुला ते कागदावर, माझ्या अक्षरात मिळावं असं वाटलं. तर, हो. मात्र मी वॉटफर्डला येणार नाही. मला हे डोंगर आत्ता कुठे दिसायला लागलेत. तू इथे ये. श्रीनिवासचा फोटो हॉलमध्ये आहे तिथेच राहील, तुला चालेल हे मला ठाऊक आहे. ईशानी आत्ता मागच्या खोलीत तुझी पुस्तकं किती मावतील ते टेपनं मोजतेय, आणि मोजता मोजता मधेच नाक पुसतेय. पत्र मिळालं की फोन करू नकोस, तिकीट काढ. मी ग्लासगो सेंट्रलवर उभी असेन. आजवर तुला पाठवलेल्या प्रत्येक कार्डाखाली मी नुसतं ‘वैजयंती’ लिहीत आले. आज पहिल्यांदाच त्याच्या आधीचा शब्दही लिहिते आहे, आणि नावही तू हाक मारतोस तेच.

तुझीच,
वैजू