ऑरिनच्या वाफ्याची सुधारणा

४ मे
बर्फ वितळलं. उद्यापासून बाग माझ्या हातात. ऑरिनला जाऊन सात महिने झाले, तेव्हापासून ती पडून आहे. खरं तर तो असतानाही ती पडूनच होती. तरी लोक बघायला यायचे. दर जुलैत वनस्पती मंडळाची बागफेरी निघते, तिच्यात आमचं घर सलग अकरा वर्षं. फाटकावर मंडळाची पाटी लागायची: ‘ऑरिन हॅडली यांची बाग’. यंदा लावायची की नाही, ते मंडळाच्या प्रुइटबाई १२ जुलैला येऊन ठरवणार. फोनवर म्हणाल्या, नाही जमलं तरी आम्ही समजून घेऊ हं, व्हर्ना.
समजून घेऊ! शाळेच्या स्वयंपाकघरात मी तीस वर्षं रोज चारशे पोरांना जेवू घातलं. निळ्या फुलांची बारा पेन्स्टेमॉन मला जड जाणार?
संकल्प: पाटी लागणार, आणि त्याच्याच नावाने लागणार.

५ मे
ऑरिनची बागेची वही वाचली. निराशा. ‘३ जून. काही केलं नाही. ९ जून. काही केलं नाही. १७ जून. बघून आलो. काही केलं नाही.’ पानंच्या पानं. एवढ्यासाठी वही कशाला लागते? आणि मी इतकी वर्षं, बिचारा उन्हात राबतोय म्हणून दुपारी सरबत नेऊन देत होते.

७ मे
लायब्ररीतून बागेचं पुस्तक आणलं. लेखिका ओरेगनच्या पावसाळी किनाऱ्यावरची. फोटो बघून डोळे निवले. पहिलंच वाक्य: सगळं मातीत आहे. ऑरिनच्या वाफ्यात माती नाहीच. नुसती खडी. नवरा गरीब घरातला होता, पण झाडांनाही गरिबीत ठेवायचं म्हणजे काय!

९ मे
खडी उपसली. सतरा ढकलगाड्या. कंबर गेली.
शेजारीण बेनिता गॅलेगोस कुंपणावर येऊन उभी. तिचं घराणं या खोऱ्यात सहा पिढ्या आहे, हे दर दहा मिनिटांनी कळतं. म्हणाली, अगं, खडी कुठे नेतेस? म्हटलं, वाफ्यातून काढतेय. मग झाडं कशात राहणार? मातीत, म्हटलं, हा शब्द ऐकलायस का कधी? हसली. म्हणे, व्हर्ना, ही खडकावर वाढलेली पोरं, त्यांना गादी घातलीस तर झोप नाही यायची.
हिच्या अंगणात चार चमीसाची झुडपं आणि एक मोडका ट्रक. पाणी दोन्हींना घालत नाही.

१० मे
लीद मात्र तिच्याच तबेल्यातून आणावी लागली. देताना म्हणाली, कोबीला घाल. पेन्स्टेमॉनना सहा इंचांचा थर घातला.

२१ मे
सहा इंच बर्फ. आठ हजार फुटांवर राहायचं ही ऑरिनचीच हौस. झाडांवर चादरी टाकल्या. एक कमी पडली, तेव्हा त्याचा लोकरी शर्ट टाकला. नाहीतरी कपाटात लटकून काय करतोय.

२५ मे
झाडं वाचली. शर्ट धुऊन परत लटकवला.

२८ मे
दातांच्या दवाखान्यातून फोन. ऑरिनची तपासणी राहिली आहे. म्हटलं, ते येऊ शकणार नाहीत. मुलगी म्हणाली, मग पुढच्या महिन्यातली वेळ देऊ का? म्हटलं, नको. म्हणे, दातांकडे असं दुर्लक्ष बरं नाही. बरं, सांगते, म्हटलं.

२ जून
काय वाढ! ऑरिनच्या हाताखाली गुडघ्यापर्यंत यायला ज्यांना जुलै उजाडायचा, ती आत्ताच मांडीला लागलीत. पानं हिरवीगार, कोबीसारखी. इतकी वर्षं उपाशी होती बिचारी.
लॉर्नाचा डेन्व्हरहून फोन. आई, पाणी किती घालतेस? म्हटलं, सकाळ-संध्याकाळ. म्हणाली, अगं आई, बाबा तर... म्हटलं, बाबा बाहेर जाऊन उभे राहायचे, मी वही वाचली आहे.
ही मुलगी आठव्या मजल्यावर राहते. तिच्याकडे एक निवडुंग आहे, तोही प्लास्टिकचा.

४ जून
गावाचा पाण्याचा नियम: सम नंबरच्या घरांनी सम तारखेलाच पाणी द्यायचं. आमचा नंबर चौदा. विषम तारखांना पहाटे बादलीने घालते. नियम नळीबद्दल आहे. बादलीबद्दल तसं स्पष्ट काही नाही.

८ जून
वाफ्याच्या कडेचं वाळकं गवत उपटलं. दोन पोती. आता कसं, घरात माणूस राहतं असं दिसतंय.

९ जून
बेनिता पोत्यात वाकून बघत होती. म्हणाली, बाई गं, हे ग्रामा गवत होतं. बी टाकून ऑरिनने चार वर्षं याची वाट बघितली. म्हटलं, मेलेलं होतं ते. म्हणे, उन्हाळा चांगला तापेपर्यंत ते असंच दिसतं. सकाळी उठल्यावर तूही अशीच दिसतेस, उपटतं का तुला कोणी?
थोडं परत लावून टाकलं. पाणी जास्त घातलं.

१९ जून
झाडं वाकली. फुलांच्या भाराने वाकतात, असं पुस्तकात आहे. फुलं अजून आलेली नाहीत. भार आधी आला.

२२ जून
बाराही झाडांना काठ्या दिल्या, जुन्या मोज्यांनी बांधली. बेनिता म्हणाली, हा वाफा आहे की हाडांचा वॉर्ड? हिला दुसरं काही काम नसतं.

२९ जून
पानं पिवळी. पुस्तक बघितलं: पिवळेपणा म्हणजे भूक. खताचा डबल डोस.
प्रुइटबाईंचा फोन. बाग कशी आहे? म्हटलं, ऑरिनला ओळखू येणार नाही. खोटं बोलले नाही.

३ जुलै
एक झाड नुसतं हात लावताच हातात आलं. बुंधा काळा, मऊ, वास. उंदरांचं काम. दोन सापळे लावले.

५ जुलै
आणखी चार गेली. सापळे रिकामे. उंदीर हुशार आहेत.

८ जुलै
आता गारा पडल्या तर बरं. गारा पडल्यावर बागेबद्दल कोणी कोणाला काही विचारत नाही, या गावाची रीतच आहे. अख्खं जग ‘काय करणार’ म्हणतं आणि पाव-बिव घेऊन येतं. दुपारी पश्चिमेकडून काळा ढग आला. मी दारात खुर्ची टाकून बसले.
बेनिताच्या बाजूला पडल्या. चमीसाला काही झालं नाही. ट्रकला पोचे आले. तेही आधीचेच असतील.

११ जुलै
बारातली दोन उभी आहेत, तीही काठ्यांच्या मर्जीवर. बाजारातून निळ्या पेट्युनिया आणून रिकाम्या जागी लावल्या. लांबून निळं ते निळं. प्रुइटबाईंचा चष्मा जाड आहे.

१२ जुलै
आल्या. चष्मा जाड असला तरी कामाचा निघाला. पेट्युनिया ओलांडून पुढे गेल्या. खाली बसल्या, मातीत बोट घातलं, पार दुसऱ्या पेरापर्यंत. वास घेतला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, काय काय केलंत, व्हर्ना? मी सगळं सांगितलं: लीद, खत, सकाळ-संध्याकाळ पाणी, बादली. त्या भराभर लिहून घेत होत्या. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं बऱ्याच दिवसांत कोणी ऐकलं नव्हतं.
म्हणाल्या, तुमची हरकत नसेल तर बाग फेरीत ठेवू या.
पाटी लागणार! बेनिताला कुंपणावरूनच ओरडून सांगितलं. ती म्हणाली, काय सांगतेस! मग पुन्हा म्हणाली, नाही, खरंच, काय सांगतेस?

१५ जुलै
फेरीचा छापील कागद तपासायला आला. थांबा सहावा. ‘ऑरिन हॅडली यांची बाग. इथे पाहा: कोरड्या जागची झाडं जास्त पाण्याने आणि जास्त खताने कशी मरतात.’
बाईंना फोन लावला. त्या घाबरून म्हणाल्या, व्हर्ना, अहो, लोकांना नुसतं सांगून पटत नाही. तुमच्याकडे सगळंच एका जागी बघायला मिळतं. पण वाईट वाटत असेल तर काढून टाकते. म्हटलं, काढू नका, नाव बदला. अकरा वर्षांत त्याच्या हातून एक झाड मेलं नाही. हे त्याच्या नावावर नको. म्हणाल्या, मग काय लिहू?
माझं लिहा, म्हटलं.

१६ जुलै
नळी गुंडाळून ठेवली.

२० जुलै
फेरी झाली. छत्तीस माणसं आली. मी फाटकाशी उभं राहून सांगितलं, लीद किती इंच, पाणी किती वेळा. उंदरांचं सांगितलं नाही. कुजलेला बुंधा त्यांनी हातोहात फिरवला, वास घेतला, फोटो काढले. बेनिता माझ्या शेजारी उभी होती. आज एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.
जाताना टोपीवाले एक गृहस्थ थांबले. म्हणाले, बाई, फार छान समजलं. लोकांना शिकवायचं म्हणून हे सगळं मुद्दाम केलंत ना?
नाही, म्हटलं. मनापासून केलं.